पत, नाव आणि रोजचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाव कसं कमवायचं असं विचारलं की सल्ले बहुतेक दोनच मिळतात. ‘आपण आपलं काम करत राहावं’ हा एक आणि ‘स्वतःचा ब्रँड उभा करा’ हा दुसरा. पहिल्यात अर्धं सत्य आहे, दुसऱ्यात नुसती दमछाक. या दोन्हींच्या मधले, रोज कामावर जाणाऱ्या माणसाला खरोखर पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली, काही चार ओळींत आटोपली. प्रश्नच तसे आहेत.

नाव, प्रसिद्धी, प्रतिष्ठा, पत हे सगळं एकच ना?

नाही. प्रसिद्धी म्हणजे किती जण तुम्हाला ओळखतात. प्रतिष्ठा पुष्कळदा खुर्चीला चिकटलेली असते. खुर्ची गेली की इतकी वर्षं नमस्कार नक्की कुणाला होत होते ते कळतं. पत वेगळी. पुढच्या वेळी तुम्ही काय कराल याचा समोरच्यानं मनात बांधलेला अंदाज, ती पत. ‘तिच्याकडे दिलंय ना, मग झालं समज’ ही पत. ‘त्याला दोनदा आठवण करावी लागेल हं’ हीसुद्धा पतच, फक्त घसरलेली.

हा अंदाज दुसऱ्याच्या डोक्यात असतो, त्यामुळे त्यात हात घालून तो बदलता येत नाही. आपल्या हातात एवढंच की त्याला पुरावे पुरवत राहायचं. ते तर आपण रोज पुरवतच असतो: बैठकीला किती वाजता पोचलो, घेतलेली वस्तू जागेवर ठेवली का, ‘कळवतो’ म्हटलं आणि कळवलं का. खालची जवळपास सगळी उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतात. आपल्याबद्दल अंदाज बांधणं लोकांना सोपं जावं, आणि तो अंदाज खरा निघावा. भारदस्त व्यक्तिमत्त्व घडवण्याच्या युक्त्या हव्या असतील तर थोडी निराशा होईल.

काम चांगलं असलं की ते आपोआप बोलतं, असं म्हणतात. मग वेगळा विचार कशाला?

काम बोलत नाही, काम पाहिलेली माणसं बोलतात. आणि तीही तुमच्या मागे. पुढची संधी तुम्हाला द्यायची की नाही हे ज्या खोलीत ठरतं, तिथे तुम्ही बहुधा नसता. तिथे असतं कुणाचं तरी एखादं वाक्य.

हे ‘कुणाचं तरी’ कोण असतं ते पाहण्यासारखं आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की ज्या व्यक्तीकडून हे काम कळलं तिची आणि तुमची गाठ किती वेळा पडायची? १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात उत्तर आहे. वरचेवर भेटणाऱ्याकडून काम मिळालेले जेमतेम १७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्याकडून सुमारे ५६ टक्के, आणि क्वचितच गाठ पडणाऱ्याकडून २८ टक्के.

म्हणजे आपल्यासाठी शब्द टाकणारा बहुधा आपला जिवलग नसतोच. कधीतरी तीन आठवडे शेजारच्या टेबलावर बसून काम केलेलं कुणीतरी असतं. आपला स्वभाव, आपले कष्ट, घरच्या अडचणी यातलं त्याला काही ठाऊक नसतं. त्याच्याजवळ आपली एखाद-दुसरी आठवण असते: मागितलेला कागद वेळेवर आला होता, किंवा नव्हता.

मी नवीन आहे. पहिली छाप कशी पाडावी?

पहिल्या छापेचं वजन खोटं नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं, की लष्करातले वरिष्ठ आपल्या हाताखालच्यांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य अशी वेगवेगळी प्रतवारी करायला बसतात खरे, पण एकूण मत चांगलं झालेलं असलं की सगळ्याच रकान्यांत चढे गुण पडतात. सोलोमन ॲश यांनी १९४६ मध्ये एका काल्पनिक माणसाच्या गुणांची यादी लोकांना वाचून दाखवली. हुशार, कुशल, कष्टाळू वगैरे सगळं तेच ठेवलं. काहींच्या यादीत ‘प्रेमळ’ हा शब्द होता, काहींच्या यादीत त्या जागी ‘थंड’. एवढ्या एका शब्दानं अख्ख्या माणसाचं चित्र पालटलं.

यावरून झकपक राहावं, मोठ्यानं हसावं असा अर्थ लोक काढतात. मी उलटा काढते. पहिल्या दिवसांत मोजके पुरावे असतात, म्हणून प्रत्येकाचं वजन जास्त. तेव्हा पहिल्या महिन्यात काहीतरी अचाट करून दाखवायच्या भानगडीत पडू नका. छोटे शब्द द्या आणि तंतोतंत पाळा. ‘उद्या सकाळी पाठवते’ म्हटलं तर उद्या सकाळी, दुपारी नाही. दहा छोट्या शब्दांचे दहा पुरावे तयार होतात. मोठ्या कामाचा एकच होतो, तोही सहा महिन्यांनी, आणि तोवर त्याचं श्रेय पाच जणांत वाटलं गेलेलं असतं.

आणि न कळलेलं विचारा. नवीन माणसानं विचारलेला प्रश्न कुणाला खटकत नाही. आठव्या महिन्यात तोच प्रश्न विचारला की भुवया वर जातात.

मी मनापासून तारीख देतो, पण ती नेहमी चुकते. याला उपाय आहे का?

आहे, आणि या पानावरचं सगळ्यात कामाचं उत्तर बहुतेक हेच. कारण नाव बिघडण्याची सुरुवात अप्रामाणिकपणापेक्षा आशावादातून जास्त होते.

रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं बिनसलंच तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे त्यांनी कल्पिलेल्या वाईटात वाईट परिस्थितीपेक्षाही जास्त. ही मुलं खोटं बोलत नव्हती. अंदाज करताना माणूस कामाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणतो, मध्ये येणारे अडथळे आणत नाही. कारण दर वेळचा अडथळा वेगळा असतो. अडथळा येणार एवढंच काय ते दर वेळी सारखं असतं.

म्हणून तारीख देताना ‘हे काम किती दिवसांचं आहे’ असं स्वतःला विचारू नका. ‘असंच काम मागच्या तीन वेळी किती दिवसांत झालं होतं’ ते आठवा. वहीत लिहून ठेवलं असेल तर उत्तम, कारण आठवणही आपल्याच बाजूची साक्ष देते.

दुसरी गोष्ट, धूसर शब्द. ‘बघतो’, ‘होऊन जाईल’, ‘लवकरच’, ‘करून टाकू’. बोलणाऱ्याला वाटतं आपण काही कबूल केलं नाही. ऐकणाऱ्यानं मात्र मनात वार सुद्धा ठरवलेला असतो. तो वार उलटला की तुम्ही कधी न दिलेला शब्द मोडल्याची नोंद होते. त्यापेक्षा ‘गुरुवारी संध्याकाळपर्यंत, आणि जमत नाहीसं दिसलं तर बुधवारीच सांगेन’ हे बरं.

यातलं दुसरं अर्धं वाक्य महत्त्वाचं. उशीर होणार हे आपल्याला बहुधा दोन दिवस आधी कळलेलं असतं. आपण गप्प बसतो, कारण रात्रीत काही चमत्कार होईल अशी आशा असते. आधी कळवलं तर समोरच्याला आपली कामं मागेपुढे करता येतात. ठरल्या वेळी कळवलं तर त्याच्या हातात फक्त चिडणं उरतं. दिवस तेवढेच गेले, पण अंदाजात किती फरक पडला पाहा. पहिल्या वेळी ‘उशीर झाला, पण हिच्यावर विसंबता येतं’ अशी नोंद झाली. दुसऱ्या वेळी नुसतं ‘उशीर’.

‘नाही’ म्हटलं तर लोक दुखावतील. मग काय करायचं?

थोडे दुखावतात. पण हो म्हणून न करणाऱ्यानं जास्त दुखावतात. नाही लवकर म्हणा, एका वाक्यात म्हणा, आणि खोटी कारणं जोडू नका; ती लक्षात ठेवावी लागतात. शक्य असेल तेवढं देऊ करा: ‘पूर्ण मसुदा जमणार नाही, पण तुम्ही लिहिलेला तपासून देईन.’ ज्याचा नकार खरा असतो त्याच्याच होकाराला किंमत येते.

काम झालं हे कळवायचं का? त्यांना दिसेलच की.

कळवा. एक ओळ पुरते. ज्यानं काम सांगितलं त्याच्या डोक्यात ते अजून उघडं पडलेलं असतं. त्यानं ‘काय झालं त्याचं?’ असं विचारायची वेळ आली, तर काम कालच पुरं झालं असलं तरी ते पाठपुरावा करून घेतलं अशीच नोंद होते. भलतं अन्याय्य आहे हे, पण आहे.

आपल्या कामाबद्दल आपणच बोलणं म्हणजे आत्मस्तुती नाही का?

कुणासमोर आणि कशासाठी बोलतो त्यावर आहे. ‘हे झालं, हे राहिलं, इथे अडलंय’ असं सांगणं म्हणजे माहिती देणं. ‘माझ्याशिवाय हे झालंच नसतं’ ही आत्मस्तुती, खरं असलं तरी.

श्रेयाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. १९७९ मध्ये मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून घरातल्या कामांत आपला वाटा किती ते विचारलं. दोघांचे वाटे मिळवले की बेरीज बहुतेकदा एकूण कामापेक्षा जास्त निघायची. आणि हे मिरवण्याच्या कामांपुरतं नव्हतं. वाद सुरू करण्यासारख्या फारशा न मिरवायच्या गोष्टींतही प्रत्येकानं आपला वाटा जास्त धरला. कारण साधं आहे. स्वतः केलेलं माणसाला आठवतं, दुसऱ्यानं केलेलं त्याला दिसलेलंच नसतं.

कामाच्या ठिकाणी पाच जणांचा गट असेल तर ही बेरीज कुठवर जात असेल कल्पना करा. म्हणून आपल्याला जेवढं न्याय्य वाटतं त्याहून थोडं जास्त श्रेय दुसऱ्याला दिलं, की ते साधारण बरोबर ठिकाणी येतं. द्यायचं तर नाव घेऊन द्या आणि नेमकं काय केलं ते सांगा. ‘सगळ्या टीमचे आभार’ हे कुणालाच लागू पडत नाही.

चूक झाली. कबूल करू की गुपचूप दुरुस्त करू?

चूक दुसऱ्या कुणापर्यंत पोचलेली नसेल आणि दुरुस्ती पाच मिनिटांची असेल तर करा आणि विसरा. प्रत्येक खरचटण्याची दवंडी पिटायची गरज नाही. पण चुकीवर दुसऱ्याचं काम उभं राहणार असेल तर सांगा, आणि तिसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगा.

फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं, की आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेला आपल्या गटाचा एक शोधनिबंध आपण मागे घेत आहोत, कारण त्यातलं काम पुन्हा करून पाहिलं तर तसं निघत नाही. निबंध पाठवला तेव्हा आपण व्यग्र होतो आणि आपलं काम आपण नीट केलं नाही, असंही त्यांनी सरळ लिहिलं. वर्तुळातल्या अनेकांनी त्यांचं कौतुकच केलं. ‘नोबेल असल्यावर काय जातंय’ असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण २०१३ मधल्या एका अभ्यासात मागे घेतलेल्या शोधनिबंधांचा त्या लेखकांच्या जुन्या कामावर काय परिणाम होतो ते तपासलं होतं. एरवी जुन्या निबंधांचे दाखले देणंही लोक कमी करतात. लेखकानं आपण होऊन चूक सांगितली असेल, तिथे मात्र अशी घसरण दिसली नाही.

माफीचंही तंत्र आहे. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा भाग पाडून ७५५ लोकांना तपासायला दिले: खंत, कारण, जबाबदारी घेणं, पुन्हा होणार नाही अशी ग्वाही, भरपाई, आणि क्षमा मागणं. सगळ्यांत जड ठरलं जबाबदारी घेणं, त्यानंतर भरपाईची तयारी. सगळ्यांत हलकं ठरलं ते ‘मला माफ करा’ हे वाक्य. आपण नेमकं उलटं करतो. माफ करा म्हणतो, मग लांबलचक कारण देतो, आणि नुकसान कसं भरून काढणार ते सांगायचं राहून जातं. माझ्याकडून एकदा जुन्या आकड्यांचा तक्ता पुढे गेला होता. मी सगळी हकीकत मोठ्या तपशिलानं सांगत होते. समोरच्या बाईंनी शांतपणे एवढंच विचारलं, ‘बरोबर तक्ता कधी येतोय?’

चूक कबूल केली की माणूस उलट जास्त आवडतो, असंही सांगितलं जातं. त्याला एक शेपूट आहे. एलियट ॲरनसन यांच्या १९६६ च्या प्रयोगात हातातला कप अंगावर सांडणारा हुशार उमेदवार लोकांना जास्त आवडला खरा. पण सुमार उमेदवारानं कप सांडला तेव्हा तो होता त्यापेक्षा कमी आवडला. आधी कामाची पत, मग चुकीचं कौतुक.

सगळेच एकमेकांच्या मागे बोलतात. मी गप्प बसलो तर एकटा पडेन.

गप्प बसायला कोण सांगतंय? माणसांबद्दल बोलणं हा गप्पांचा गाभाच आहे. त्यातूनच कुणावर विसंबावं हे समाजाला कळतं. प्रश्न काय बोलतो याचा आहे.

इथे मनाची एक गंमत आहे. जॉन स्कोरोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की तुम्ही दुसऱ्याचा जो गुण किंवा अवगुण वर्णन करता, तो ऐकणाऱ्याच्या मनात तुमच्याशीही जोडला जातो. ‘तो फार कपटी आहे’ असं वारंवार सांगणाऱ्याचा चेहरा पाहिला की ऐकणाऱ्याला कपट आठवायला लागतं. तर्काला धरून नाही, पण मन तर्काला विचारून जोडाजोडी करत नाही. शिवाय ऐकणारा मनात हिशेब करतोच: हा माझ्याकडे त्याचं बोलतो, तर त्याच्याकडे माझंही बोलत असणार.

सोपी कसोटी म्हणजे ती व्यक्ती दारातून आत आली तर वाक्य पुरं करता येईल का? करता येत असेल तर टीकासुद्धा चालते.

माझं काम चोख आहे, पण तोंड फटकळ आहे. गोडबोले पुढे जातात. हा अन्याय नाही का?

थोडा आहे. पण इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांची गोष्ट ऐका. व्हिएन्नाच्या रुग्णालयात एका प्रसूतिकक्षात एप्रिल १८४७ मध्ये १८ टक्क्यांहून अधिक माता दगावत होत्या. मे महिन्यात त्यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले. जूनमध्ये प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास आलं. ते शंभर टक्के बरोबर होते. पण आपलं म्हणणं सविस्तर लिहून काढायला त्यांनी १८६१ पर्यंत वेळ घेतला, आणि टीका झाली तेव्हा विरोधी प्राध्यापकांना उघड पत्रं लिहून खुनी म्हटलं. १८६५ मध्ये वेड्यांच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला तेव्हा त्यांचा मुद्दा मान्य झालेला नव्हता.

दोष विरोधकांचाच मोठा होता; जंतूंची कल्पनाही तेव्हा रुजलेली नव्हती. पण फटकळपणामुळे विरोधकाला एक सोय मिळते. त्याला मुद्द्याला उत्तर द्यावं लागत नाही, सुराला दिलं तरी भागतं. ही सोय कशाला करून द्यायची? गोड बोला असं सांगत नाही. कामाला कडक आणि माणसाला मऊ राहता येतं. ‘हा आकडा चुकलाय’ यात गोडवा नाही, पण दंशही नाही. ‘तुला आकडे कधी जमलेत?’ यात दंश आहे आणि आकडा कुठला ते मात्र नाही.

वरिष्ठांवर छाप असली की पुरे ना? बाकीच्यांशी कसंही वागलं तर चालतं?

वरिष्ठ बदलतात. सफाई करणारे, शिपाई, रखवालदार, शिकाऊ मुलं मात्र तुम्हाला सहसा कुणी न पाहिलेल्या वेळी पाहतात, आणि त्यांची साक्ष लोक जास्त खरी धरतात. कारण त्यांच्याशी चांगलं वागून तुम्हाला काही मिळणार नव्हतं. शिकाऊ मुलं तर दहा वर्षांनी टेबलाच्या पलीकडे बसलेली असतात.

कुणी ‘माझी शिफारस कर’ म्हणालं तर?

इथे उसनं देताय ते स्वतःचं नाव, तेव्हा जामीन राहावं तसं जपून. अकराव्या शतकात भूमध्य समुद्रातून व्यापार करणाऱ्या मगरिबी (उत्तर आफ्रिकेतल्या) ज्यू व्यापाऱ्यांचा बराच पत्रव्यवहार कैरोच्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जपला गेला. तो अभ्यासून अवनर ग्राइफ या अर्थशास्त्रज्ञांनी असं मांडलं, की परगावच्या अडत्यानं एका व्यापाऱ्याला फसवलं की ती खबर पत्रांतून फिरायची आणि इतरही त्याला काम द्यायचे बंद व्हायचे. माल समुद्रापार, मालक इकडे. दोघांमध्ये विश्वास ठेवायला पत्रातल्या शब्दाखेरीज फारसं काही नव्हतं. शिफारस आजही त्याच जातीची गोष्ट आहे.

म्हणून जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. ‘अतिशय कर्तबगार’ यातून कुणाला काही कळत नाही. ‘माझ्यासोबत दोन वर्षं हिशेब पाहत होता, महिनाअखेरचा ताळा एकदाही लांबला नाही’ यातून कळतं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. आणि शिफारस करायची इच्छा नसेल तर कोमट पत्र देऊ नका. सरळ सांगा की मी योग्य माणूस नाही.

मी शब्द पाळतो, समोरचे फायदा घेतात. चांगुलपणा म्हणजे मूर्खपणा ठरत नाही का?

फायदा घेऊ देणं हा चांगुलपणाचा भाग नाही. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमाराला संगणकावर एक स्पर्धा घेतली. दोन खेळाडू, प्रत्येक फेरीत सहकार्य करायचं की दगा द्यायचा हे ठरवायचं, आणि असं पुन्हा पुन्हा. तज्ज्ञांनी गुंतागुंतीच्या चाली पाठवल्या. जिंकली अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेली सगळ्यांत छोटी चाल: सुरुवात सहकार्यानं करा, मग समोरच्यानं मागच्या फेरीत जे केलं तेच करा. निकाल सगळ्यांना सांगून दुसरी स्पर्धा घेतली, ६२ चाली आल्या; पुन्हा तीच जिंकली.

ॲक्सेलरॉड यांच्या मते तिचं बळ तिच्या उघडपणात होतं. ती आधी दगा देत नाही, दगा झाला तर सोडत नाही, समोरचा सुधारला की डूख धरत नाही, आणि हे सगळं चटकन ओळखू येतं. म्हणजे फिरून पुन्हा अंदाजच. ‘हिच्याशी नीट वागलं तर ती नीट वागते, आणि गृहीत धरलं तर त्याच आठवड्यात बोलते’ असं लोकांना माहीत असणं चांगल्या नावात बसतं.

एकदा नाव खराब झालं. आता किती दिवस लागतील?

जायला लागले त्यापेक्षा जास्त. पॉल स्लोविक यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की विश्वास वाढवणाऱ्या बातमीपेक्षा तो घटवणाऱ्या बातमीचं वजन लोकांच्या मनात कितीतरी जास्त पडतं. बुंद से गई वो हौद से नहीं आती ही म्हण आपण उगाच वापरत नाही.

तरी दोन गोष्टी धीर देणाऱ्या आहेत. एक, पाहणारे आपल्याला वाटतात त्यापेक्षा कमी असतात. टॉम गिलोविच यांच्या २००० मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी पाहिला असणार. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांनी पाहिला होता. तेव्हा ‘सगळ्यांना कळलंय’ या भयानं सगळ्यांपुढे खुलासे करत सुटू नका. नाहीतर उरलेल्या पाऊण लोकांना तुमच्याकडूनच कळेल.

दोन, नाव सरसकट खराब होत नाही, एका बाबतीत होतं. उशिराबद्दल झालं असेल तर उपाय फक्त वेळेवर येणं. उशीर करणाऱ्यानं भेटवस्तू दिल्या, जादा काम केलं, तरी उशिराचा रकाना तसाच राहतो. कंटाळवाणं आहे. सहा महिने कुणी काही बोलणार नाही, आणि मग एक दिवस तुम्ही पाच मिनिटं उशिरा आलात तर कुणीतरी ‘सगळं ठीक ना?’ असं विचारेल. तेव्हा समजा, बदललं.

माझ्याबद्दल खोटं पसरवलं जातंय. काय करू?

ज्याच्या मताचा तुमच्या कामावर खरोखर परिणाम होतो अशा दोघा-तिघांशी समोरासमोर बोला, कागद दाखवा, विषय संपवा. पसरवणाऱ्याचे हेतू सांगत बसू नका. वर सांगितलेली अवगुण चिकटण्याची गंमत इथेही लागू आहे. आरोप पैशांचा, छळाचा किंवा कायद्याचा असेल तर स्वभावावर विसंबू नका, सगळं लेखी ठेवा आणि वकील गाठा.

आता सगळं इंटरनेटवर आहे. तिथलं नाव वेगळं जपावं लागतं का?

तत्त्व तेच, फक्त तिथली आठवण लांब असते. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावरचा, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: एकाच विक्रेत्यानं जुनी पोस्टकार्डं आपल्या नावाजलेल्या खात्यावरून आणि नव्या कोऱ्या खात्यांवरून विकली. नावाजलेल्या खात्यावर खरेदीदारांनी सरासरी ८.१ टक्के जास्त मोजायची तयारी दाखवली. माल तोच, माणूस तोच.

जुनं काही नडत असेल तर युरोपात, १३ मे २०१४ च्या न्यायालयीन निकालापासून, आपल्या नावाच्या शोधातून कालबाह्य दुवे काढायची मागणी करता येते. त्यातही फक्त दुवा निघतो, मूळ मजकूर राहतो. रागात लिहिलेलं रात्रभर तसंच ठेवून सकाळी वाचणं हा स्वस्तातला उपाय.

कुणी बघतच नसेल तर एवढं चोख राहून काय मिळतं?

कधी कधी काहीच नाही. खोटं कशाला सांगू?

पण फ्रान्सिस केल्सी यांचं टेबल आठवा. अमेरिकेच्या औषध नियामक कार्यालयात त्या ऑगस्ट १९६० मध्ये रुजू झाल्या, आणि पहिल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणून थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा अर्ज त्यांच्याकडे आला. बाहेर अनेक देशांत ते सर्रास विकलं जात होतं. केल्सींना कागद अपुरे वाटले. त्यांनी आणखी माहिती मागवली. ती आली, तीही अपुरी वाटली, पुन्हा मागवली. कंपनीची माणसं वारंवार खेटे घालत होती, वरिष्ठांकडे कुरकुर करत होती. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत ते औषध बाजारातून काढलं गेलं. गरोदरपणी ते घेतलेल्या मातांची जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं व्यंग घेऊन जन्मली असा अंदाज आहे. ऑगस्ट १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी केल्सींना पदक दिलं. पण १९६० च्या त्या हिवाळ्यात तिथे पाहणारं कुणी नव्हतं. एक नवी कर्मचारी होती, आणि ‘कागद अपुरे आहेत’ असं कितव्यांदा तरी लिहिलेलं पत्र.

नोकरी सोडतोय. आता कशाला जपायचं?

शेवटचे पंधरा दिवस लोकांना सगळ्यात जास्त आठवतात, कारण त्यानंतर नवे पुरावे येत नाहीत. मनातलं सगळं ओकून जायची इच्छा होते, मित्राकडे ओका. कार्यालयात मात्र नीट सोपवणी लिहा. चालू कामं कुठवर आलीत, कुणाला काय कबूल केलंय, कुठले पासवर्ड कुणाकडे द्यायचेत. आणि ज्या कुठेच लिहिलेल्या नसतात त्या गोष्टी: कुठला ग्राहक फोनवर बोलतो पण पत्राला उत्तर देत नाही, कुठल्या तक्त्यातला तिसरा रकाना हातानं तपासावा लागतो, आणि कपाटाची किल्ली किंचित वर उचलून फिरवली तरच फिरते.